१६ जानेवारी १९३८ : एका ध्वनिमुद्रिकेची साक्ष

इतिहासाच्या कोणत्याही साधनाला पुढे काय घडणार आहे हे ठाऊक नसते. ते ठाऊक असते आपल्याला. दप्तरातला कागद वाचताना हे अंतर सांभाळण्याची शिस्त अभ्यासकाच्या अंगवळणी पडलेली असते. परंतु साधन म्हणून समोर संगीत आले, तर ही शिस्त कितपत टिकते? या प्रश्नाची कसोटी पाहणारे एक ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकांनीही ते ऐकावे असे आम्हांला वाटते.

रविवार, १६ जानेवारी १९३८ रोजी व्हिएन्नातील म्युझिकफेराइन सभागृहात ब्रुनो वाल्टर यांच्या संचालनाखाली व्हिएन्ना फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने गुस्ताव माहलर यांची नववी सिंफनी सादर केली. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ कंपनीने श्रोत्यांसमक्ष ती मुद्रित केली. मुद्रणाची सूत्रे फ्रेड गायसबर्ग यांच्याकडे होती. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचा आवाज तबकडीवर उतरवणारे ते हेच. तबकडीच्या एका बाजूवर त्या काळी जेमतेम साडेचार मिनिटांचे संगीत मावत असे. सुमारे ७० मिनिटांची ही रचना २० बाजूंवर, म्हणजे १० तबकड्यांवर प्रसिद्ध झाली. या सिंफनीचे ते पहिलेच ध्वनिमुद्रण. त्यात सभागृहातले खोकलेही ऐकू येतात.

त्यानंतर ५५ दिवसांनी, १२ मार्च १९३८ रोजी, जर्मन सैन्य ऑस्ट्रियात शिरले. माहलर जन्माने ज्यू. त्यांचे संगीत जर्मनीत १९३३ पासूनच निषिद्धवत झाले होते, आता व्हिएन्नातही ते थांबले. वाल्टरही ज्यू. १९३३ मध्ये जर्मनीतले व्यासपीठ गमावल्यावर त्यांनी ऑस्ट्रियात आश्रय घेतला होता. आक्रमणाच्या वेळी ते देशाबाहेर होते, आणि पुढे १९३९ मध्ये अमेरिकेला गेले. त्या दिवशी व्हायोलिनवादकांच्या अग्रस्थानी आर्नोल्ड रोझे होते. १८८१ पासून ते या वाद्यवृंदाचे अग्रवादक, शिवाय माहलर यांच्या बहिणीचे पती. त्यांनाही काढून टाकण्यात आले. त्यांनी लंडन गाठले आणि १९४६ मध्ये तेथेच देह ठेवला. त्यांची कन्या आल्मा ऑशविट्झच्या छावणीत बंदी स्त्रियांच्या वाद्यवृंदाचे संचालन करीत असे. १९४४ मध्ये तिचा तेथेच अंत झाला.

हे सारे माहीत झाल्यावर ही मुद्रिका निर्लेप मनाने ऐकणे जवळजवळ अशक्य होते. रसिकांना त्या वादनात येऊ घातलेल्या सर्वनाशाची चाहूल लागते; वादनाची गती भयाची वाटू लागते. वाल्टर यांनीच १९६१ मध्ये अमेरिकेत हीच रचना पुन्हा मुद्रित केली, तेव्हा तिला दहाएक मिनिटे अधिक लागली, हाही पुरावा म्हणून पुढे केला जातो. परंतु १९६१ चे वाल्टर ८४ वर्षांचे होते आणि त्यांच्यासमोर श्रोते नव्हते. दोन गतींमधला फरक खरा. त्यातून १९३८ चे भय सिद्ध होत नाही.

गंमत अशी, की मूळ रचनेवरही असाच एक उत्तरकालीन अर्थ पूर्वीच चढलेला होता. १९०७ मध्ये माहलर यांच्या हृदयात दोष आढळला. १९११ मध्ये ते वारले. नववी सिंफनी त्यांना ऐकायला मिळालीच नाही. ती प्रथम सादर केली वाल्टर यांनीच, २६ जून १९१२ रोजी, याच वाद्यवृंदासह. अखेरच्या पानावर ‘विझत जाणारे’ अशा अर्थाची सूचना आहे. साहजिकच ती मृत्यूपूर्वीचा निरोप ठरली. प्रारंभीची अडखळती लय ही दुखऱ्या हृदयाची धडधड ठरली. पण नववी संपवून माहलर यांनी १९१० मध्ये दहावी लिहायला घेतली होती, हे या अर्थनिर्णयात गैरसोयीचे असल्याने बाजूला पडते. कवीच्या मृत्यूची तारीख त्याच्या कवितेत वाचण्याची आपली खोड याहून वेगळी नाही.

मग ही मुद्रिका साक्ष कशाची देते? आमच्या मते, तिची साक्ष अधिक अस्वस्थ करणारी आहे. फिलहार्मोनिकच्या आजी-माजी वादकांपैकी पाच जण छळछावण्यांत मारले गेले, दोघे छळ सोसत व्हिएन्नातच मरण पावले, नऊ जण परागंदा झाले. दुसरीकडे, १९४२ मध्ये वाद्यवृंदाच्या १२३ सदस्यांपैकी ६० जण नाझी पक्षाचे सभासद होते. त्यांतल्या काहींनी तर ऑस्ट्रियात पक्षावर बंदी असतानाच सभासदत्व घेतले होते. हे आकडे संशोधनातून २०१३ मध्ये ठळकपणे लोकांसमोर आले.

सिंफनीची शेवटची पाने केवळ तंतुवाद्यांची आहेत. हद्दपार व्हायचे होते ते आणि त्यांच्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत पुढेही वाजवत राहणार होते ते, अशा दोघांचेही गज तिथे एकाच श्वासात फिरतात. कान कितीही तयार असला तरी त्यांना वेगळे काढता येत नाही. ज्या कलेने माणसे एका लयीत बांधली, तिने त्यांना एकमेकांपासून वाचवले नाही. आणि तरीही ते वादन खोटे ठरत नाही. उदात्त कला माणसाला उदात्त करते, हे गृहीतक आपण वर्गात किती सहजपणे मांडतो! ते पुन्हा मांडण्यापूर्वी या दहा तबकड्या एकदा ऐकाव्यात.