पालेर्मोची शिळा

इटलीतल्या सिसिली बेटावरचे पालेर्मो हे शहर. तिथला एक दिवस मी केवळ पायी भटकण्यासाठी राखून ठेवला होता. सकाळी कॅथीड्रलच्या दक्षिण दाराशी पोचलो आणि थबकलो. डावीकडच्या खांबावर कुराणातली आयत कोरलेली होती. लहानपणी मौलवीसाहेबांपुढे बसून गिरवलेली अक्षरे चर्चच्या दारात भेटतील, असे वाटले नव्हते.

इ. स. ८३१मध्ये अरबांनी हे शहर जिंकले, १०७२मध्ये नॉर्मनांनी. पण नव्या राज्यकर्त्यांनी जुने कसब टाकून दिले नाही. जवळच्याच राजवाड्यात दुसऱ्या रॉजरचे प्रार्थनामंदिर आहे. भिंतींवर बायझंटाईन धर्तीचे सोनेरी मोझेक, डोक्यावर मुस्लिम कारागिरीचे लाकडी छत. याच राजासाठी अल् इद्रिसीने ११५४मध्ये जगाचा भूगोल लिहून पुरा केला.

दुपारी रमतगमत झीझा राजवाडा गाठला. तिथे ११४९ची एक कबरशिळा आहे. एका ख्रिस्ती धर्मगुरूने आपल्या आईसाठी करवलेली. मजकूर लॅटिन, ग्रीक आणि अरबीत. शिवाय अरबीच, पण हिब्रू लिपीतही. आपले दुःख शेजाऱ्यांना त्यांच्या अक्षरांत वाचता यावे, असे त्या मुलाला वाटले असावे.

पुढच्या शतकात सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने सिसिलीतल्या मुसलमानांना लुचेराला हलवले. १३००मध्ये तीही वस्ती मोडली. शिळा राहिली, वाचणारे शेजारी गेले.

‘मुसलमान असून मराठीत कसे लिहिता?’ असे मला अजूनही विचारतात. आता मी त्यांना या शिळेची गोष्ट सांगतो.