तारा कासव : अंड्यांची उघड्यावरील उबवण (बंगळुरू)

तारा कासवाची (शास्त्रीय नाव : जिओकेलोन एलेगन्स, क. नक्षत्र आमे) अंडी उबवणपेटीत न ठेवता, उन्हाच्या उबेवर जमिनीतच फुटू देण्याची रीत. कासव कोरड्या, काटेरी झुडपांच्या मुलखातले. बंगळुरू मात्र सु. 920 मी. उंचीवर. येथील थंडी रात्रीची आहे. जानेवारीत पहाटे पारा 15–16° से.पर्यंत उतरतो (13 जानेवारी 1884 रोजी 7.8° से.ची नोंद आहे), पण दुपारी ऊन असतेच.

पावसाळ्यात मीलन झाल्यावर काही आठवड्यांनी मादी मागच्या पायांनी 10–15 सेंमी. खोल, सुरईच्या आकाराचा खळगा उकरते. माती कठीण असल्यास ती मूत्राने भिजवते. एका खेपेस 1 ते 10 अंडी घालून ती वर माती ओढते आणि उदरकवचाने थापटते. त्याच दिवशी खूण केली नाही, तर जागा पुन्हा ओळखू येत नाही.

एवढ्या खोलीवर दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक पुष्कळ ओसरतो. त्यामुळे गारव्याने गर्भ लगेच मरत नाही, त्याची वाढ मंदावते. या जातीचा उबवणकाळ 47 पासून सु. 180 दिवसांपर्यंत असतो, तो काही अंशी यामुळेच. पिल्लाचे लिंगही तापमानावर ठरते : 28–30° से.ला बहुतेक नर, त्याहून उष्ण मातीत माद्या. म्हणून झाडाच्या सावलीतले थंड घरटे गैरसोयीचे.

बंगळुरूत थंडीपेक्षा पाण्याचे भय अधिक. सप्टेंबर-ऑक्टोबरात येथे भरपूर पाऊस पडतो. साचलेल्या पाण्यात अंडे गुदमरते. तांबड्या मातीत वाळू मिसळून केलेला, सकाळचे ऊन मिळणारा उंचवटा उत्तम. मुंगूस आणि घोरपडीपासून राखण्यासाठी वर जाळी लागते. अंडे हलवावेच लागले, तर वरच्या बाजूवर पेन्सिलीने खूण करून ती वरच ठेवतात. गर्भ कवचाला चिकटल्यावर अंडे उलटले की तो दगावतो. कोकणात वेळासला 2002 पासून सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने ऑलिव्ह रिडले या सागरी कासवाची अंडी कुंपणातल्या वाळूत हलवून जपली, तेथेही हीच काळजी.

हे काम घरच्या बागेत करण्याजोगे नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या (1972) 2022 मधील दुरुस्तीने तारा कासवाला पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत घातले. साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या पहिल्या परिशिष्टात ते 2019 मध्ये गेले. बेकायदा पाळण्याच्या हौसेने त्याची तस्करी वाढवली आहे. नोव्हेंबर 2018 मध्ये 51 तारा कासवे सिंगापूरहून बंगळुरूला परत आणावी लागली.

पिल्लू तोंडाच्या टोकावरील अंडदंताने कवच फोडते, पण पोटाशी उरलेला बलक शोषला जाईपर्यंत बरेचदा अंड्यातच थांबते. माती वाळून घट्ट झाली असेल, तर वळवाच्या सरी पडून ती मऊ होईपर्यंत त्याचा मुक्काम खालीच.