तंतुवाद्यनिर्मिती, मिरजेची

सतार, तंबोरा, बीन इ. तंतुवाद्ये घडविण्याचा, महाराष्ट्र राज्यातील मिरज (जि. सांगली) येथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आलेला हस्तव्यवसाय. मिरजेचा तंबोरा त्यावरील नक्षीकामासाठी प्रसिद्ध आहे. तथापि त्याची खरी कारागिरी डोळ्यांना दिसणाऱ्या भागापेक्षा कानांनी पारखाव्या लागणाऱ्या सूक्ष्म कामात आहे.

या व्यवसायाचा उगम शस्त्रांच्या कारखान्यांत सापडतो. शस्त्रे घासून त्यांना धार लावणाऱ्या शिकलगारांचा धंदा मराठी सत्तेच्या अस्तानंतर (१८१८) ओसरला. सु. १८५० मध्ये मिरजेतील फरीदसाहेब व मोहिनुद्दीन या शिकलगार बंधूंनी वाद्यदुरुस्तीस आणि पुढे वाद्यनिर्मितीस आरंभ केला, असे परंपरेने मानले जाते. त्यांच्या वंशजांना ‘सतारमेकर’ हे आडनाव मिळाले व त्यांच्या वस्तीस सतारमेकर गल्ली म्हणू लागले. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय या कलेस लाभला. शहरात जाणकार गायकांचे वास्तव्य असल्याने कारागिरास आपले काम तेथेच पारखून घेता येई. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेस शिकले, किराणा घराण्याचे अब्दुल करीमखाँ (मृ. १९३७) यांचे मिरज हे निवासस्थान होते व त्यांची कबर तेथील मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर मिरज १९४९ मध्ये नव्या दक्षिण सातारा जिल्ह्यात आले. १९६० मध्ये त्या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले.

तंबोऱ्याच्या घडणीस कडू भोपळ्याच्या निवडीपासून आरंभ होतो. हे भोपळे मुख्यतः पंढरपूर–मंगळवेढा भागातून येतात. ते पूर्ण पक्व होऊन वाळल्यावरच कामास घेतात. भोपळा कापून, आतील गर काढून, पाण्यात भिजवून त्यास हवा तो आकार देतात. दांडी, गळा व भोपळ्याचे तोंड झाकणारी तबली यांसाठी तून या झाडाचे हलके लाकूड पसंत करतात. दांडी आतून पोकळ असते. तबली जाड राहिली, तर नाद कोंडतो. फार पातळ झाली, तर तारांच्या ताणाने ती कालांतराने खचते. योग्य जाडी कारागीर बोटांनी ठोकून व नाद ऐकून ठरवितो. त्यानंतर कडांवरील पट्ट्यांवर वेलबुट्टी कोरून तिच्या रेषांत रंग भरतात आणि लाखेचे रोगण देतात. पुरुषांच्या आवाजासाठी मोठा ‘मर्दानी’ व स्त्रियांच्या आवाजासाठी लहान ‘जनानी’ तंबोरा करतात.

सर्वांत अवघड काम घोडीचे. तबलीवर बसविलेल्या या रुंद पट्टीचा माथा सपाट दिसला, तरी त्यास अत्यंत मंद उतार असतो. कंप पावणारी तार या उतारास हलकेच स्पर्श करीत राहते व त्यातून नादास झंकार येतो. यास ‘जवारी’ म्हणतात. तार व घोडी यांमध्ये सुताचा किंवा रेशमाचा धागा सरकवून हा स्पर्श नेमका साधतात. घोडीचा माथा कानशीने घासताना काही फटकारे अधिक झाले, तरी नाद बिघडतो व काम पुन्हा करावे लागते. हे काम सामान्यतः कारखान्यातील सर्वांत अनुभवी व्यक्तीकडे असते. वापराने तारेखाली घोडीवर चरे पडतात. म्हणून जवारी अधूनमधून पुन्हा काढावी लागते.

या सूक्ष्म उताराचे महत्त्व भौतिकीनेही मान्य केले आहे. तार जेथे छेडली जाते, तेथे ज्यांचा स्थिर बिंदू पडतो ते स्वरांश तिच्या नादात उमटू नयेत, असा यंग व हेल्महोल्ट्स यांचा नियम आहे. तंबोरा व वीणा यांच्या नादात मात्र तेही आढळतात आणि त्याचे कारण घोडीची वक्रता होय, असे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखविले. चांगल्या जवारीच्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा स्वयंभू गांधार हा असाच एक स्वरांश आहे. स्वरांची मोजणी करण्याचा प्रयत्न याच परिसरात झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींविषयी प्रबंध प्रसिद्ध केला. सातारा येथे १९११ मध्ये फिलहार्मनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था निघाली. देवल आणि सनदी अधिकारी ई. क्लेमंट्स यांनी श्रुती-हार्मोनियम तयार करविली. तिच्या पट्ट्यांचे स्वर घडणीतच कायम झालेले असतात. तंबोरा मात्र गायकाच्या आवाजानुसार दर वेळी लावावा लागतो. तंबोरा मैफलीत टिकून राहिला, त्याचे हे एक प्रमुख कारण होय.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या व्यवसायाची परिस्थिती पालटली. घोडी व सजावट यांसाठी पूर्वी सांबरशिंग व हस्तिदंत वापरीत. वन्यजीव संरक्षण अधिनियम (१९७२) व त्यातील पुढील दुरुस्त्या यांमुळे त्यांची जागा अन्य पदार्थांनी घेतली. १९८० नंतर इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचा प्रसार झाला आणि सरावासाठी लाकडी तंबोरा घरी ठेवण्याची गरज कमी झाली. २०२४ मध्ये मिरजेची सतार व तंबोरा यांना भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे स्थळाच्या नावास कायद्याचे संरक्षण लाभले. जवारीचे ज्ञान मात्र लेखी नियमांत उतरत नाही. ते वडीलधाऱ्या कारागिराशेजारी वर्षानुवर्षे बसून, हाताने व कानाने शिकावे लागते. मानांकनानंतरही या कलेचे भवितव्य असे शिकणारी नवी पिढी आणि नादातील सूक्ष्म फरक ओळखून त्याचे मोल देणारा गायक व श्रोता यांवर अवलंबून आहे.