मुलांचीं औषधें आणि त्यांचें माप

चकलांबा काय किंवा पुण्याची सदाशिव पेठ काय, मराठी घरांतील मुलांच्या औषधाचा इतिहास सहाणेपासूनच सुरू होतो. चकलांबा हें बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यांतील गांव. अशा गांवांतून डॉक्टर पोहोंचण्यापूर्वीं कित्येक पिढ्या तान्ह्या मुलाचें औषध आजीच्या हातीं होतें. हिरडा, बेहडा, मुरुडशेंग, वेखंड, सागरगोटा, अतिविष, काकडशिंगी, जायफळ, हळकुंड हीं सारीं एका फडक्यांत बांधून ठेवलेलीं असत. तीं आईच्या दुधांत एकेक करून उगाळावयाचीं आणि मुलास चाटवावयाचीं, ही बाळगुटी.

ह्या गुटींत औषधांइतकेच महत्त्वाचे होते ते वेढे. सहाणेवर मुळी एकदां गोल फिरविली म्हणजे एक वेढा झाला. मूल लहान असेल तर एक, पुढें वयाबरोबर वेढे वाढत जात. पोट साफ नसलें तर हिरड्याचा एखादा अधिक, मुरडा असला तर मुरुडशेंगेचा. जायफळाच्या बाबतींत मात्र आजी हात आखडता घेई, कारण त्यानें गुंगी येते हें तिला ठाऊक असे. ग्रेन आणि औंस यांची तिला ओळख नव्हती. पण मूल लहान तर मात्रा लहान, आणि मोजल्यावांचून कांहीं तोंडांत घालावयाचें नाहीं, ह्या दोन गोष्टी तिनें सोडल्या नाहींत. म्हणून गुटी सर्वस्वीं निर्धोक होती असें नव्हे. सहाण नेहमींच स्वच्छ असे असें नाहीं, मुळीचा कस सारखा नसे, आणि पहिले सहा महिने आईच्या दुधावांचून मुलास दुसरें कांहींच देऊं नये, असें आजचे बालरोगतज्ज्ञ सांगतात. आजीच्या औषधांचें कौतुक पुष्कळ होतें; कौतुक करावयाचें तर तें तिच्या मोजण्याचें करावें.

हें माप घराच्या हातून सुटलें तें मुंबईस, गिरणीच्या भोंग्याबरोबर. कोंकणांतून आणि देशावरून आलेल्या बायका दिवसभर साच्यांवर राबत आणि तान्हें मूल चाळींतल्या खोलींत राही. तें रडूं नये म्हणून त्यास अफूची बारीक गोळी देत. तिचें नांव मोठें गोड, बाळागोळी! सरकारी डॉक्टरीणबाई बार्न्स यांनीं १९२२ च्या सुमारास गिरण्यांतील स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी केली, तेव्हां त्यांच्या तान्ह्या मुलांपैकीं ९८ टक्के मुलांस अफू दिली जाते, असें त्यांस आढळलें. गोळींत अफू किती आहे हें आईला कळण्याचा मार्ग नव्हता. अफूनें मूल निजतें, भूक मागत नाहीं, दूध कमी पितें, आणि मात्रा चढली तर श्वासच मंदावतो. आणि ही अफू कांहीं चोरून येत नसे. सरकारी परवान्याच्या दुकानांतून ती विकली जाई व तिचें उत्पन्न खजिन्यांत जमा होई. त्या आयांस अडाणी ठरविणें सोपें होतें. मुंबई सरकारनें प्रसूतिभत्त्याचा कायदा केला तो १९२९ सालीं. तोंपर्यंत मूल सोडून कामावर जाण्यावांचून त्यांस गत्यंतर नव्हतें.

सुशिक्षित घरांत तोंवर बाटली आली होती. विल्यम वुडवर्ड यानें १८५१ सालीं नॉटिंगहॅम येथें काढलेलें ग्राइप वॉटर समुद्र ओलांडून येथें आलें. त्या मूळ औषधांत शेपूचा अर्क व सोडा यांबरोबर मद्यार्कही होता, हें किती आयांस माहीत होतें कोण जाणे. औषधांचा सुळसुळाट झाला तेव्हां सरकारनें रामनाथ चोपडा यांच्या अध्यक्षतेखालीं १९३० सालीं चौकशी समिती नेमली, आणि १९४० सालीं औषधांचा कायदा झाला. चकलांबा त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होतें, म्हणून ब्रिटिश हिंदुस्थानचा तो कायदा तेथें लागू नव्हता. पुढें १९४५ च्या नियमांत एक सवलत ठेवण्यांत आली. एक हजारांपेक्षां अधिक वस्ती नसलेल्या खेड्यांत ग्राइप वॉटर, ॲस्पिरिन व पॅरासिटामोल यांच्या गोळ्या, खोकल्याचीं औषधें अशीं घरगुती औषधें परवान्यावांचून विकण्यास मोकळीक मिळाली. हेतु चांगला होता. जेथें औषधाचें दुकान नाहीं तेथें निदान एवढें तरी मिळावें. पण ज्या वाडीवर सल्ला देणारा कोणी नाहीं, तेथेंच विकणाराही अनभिज्ञ असावा, ही त्यांतली उणीव.

मात्रा अचूक मोजली, तरी बाटलींतच विष असेल तर माप काय करणार? अमेरिकेंत १९३७ सालीं सल्फानिलामाइडचें गोड पातळ औषध डायएथिलीन ग्लायकोल या विषांत विरघळवून विकलें गेलें. शंभरांहून अधिक माणसें दगावलीं, त्यांत मुलें पुष्कळ होतीं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत १९८६ सालीं त्याच विषाची भेसळ झालेल्या ग्लिसरीननें १४ रोगी मृत्यु पावले, व न्यायमूर्ति लेंटिन यांचा आयोग बसला. इतकें होऊनही २०२५ सालीं मध्यप्रदेशांतील छिंदवाडा जिल्ह्यांत ‘कोल्ड्रिफ’ नांवाच्या खोकल्याच्या औषधानें वीसांहून अधिक मुलें गेलीं. त्यांतील अनेकांवर नागपुरास उपचार चालले होते. तपासणींत त्या औषधांत हें विष ४८ टक्क्यांहून अधिक निघालें. नियमानें तें ०.१ टक्क्यापलीकडे असतां कामा नये. दोन वर्षांखालील मुलांस सर्दीखोकल्याचीं औषधें देऊंच नयेत, असें केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यानें त्यानंतर पुन्हां बजावलें. साधा खोकला बहुधा आपोआप जातो. औषध बहुतेक वेळां लागतें तें घरच्यांच्या काळजीला.

ज्वराची गोष्ट निराळी. तेथें औषध उपयोगी आहे, आणि घोटाळा होतो तो चमच्याचा. ॲस्पिरिनचा प्रश्न मिटलेला आहे: ऑस्ट्रेलियांतील डॉ. राय यांनीं १९६३ सालीं वर्णिलेल्या यकृत व मेंदूच्या विकाराशीं त्याचा संबंध दिसून आल्यावर १९८० च्या दशकांत इंग्लंड-अमेरिकेंत मुलांस तें न देण्याविषयीं इशारे सुरू झाले. राहिलें पॅरासिटामोल. त्याची मात्रा मुलाच्या वजनावर ठरते, दर किलोस १० ते १५ मिलिग्रॅम. दहा किलो वजनाच्या मुलास १५० मिलिग्रॅम द्यावयाचें असेल, तर ५ मिलिलिटरांत १२५ मिलिग्रॅम असलेलें औषध ६ मिलिलिटर लागेल. २५० वालें ३ मिलिलिटर. आणि जें थेंबांचें औषध मिलिलिटरास १०० मिलिग्रॅम असतें, तें अवघें दीड मिलिलिटर. तिन्ही बाटल्यांवर नांव एकच! थेंबांचें औषध कोणी चहाच्या चमच्यानें दिलें, तर मुलाच्या पोटांत तिपटीहून अधिक जातें, आणि असें वरचेवर झालें तर यकृत बिघडतें. शिवाय घरोघरचे चमचेही सारखे नसतात. म्हणून बाटलीबरोबर मिळालेलें माप किंवा खुणांची पिचकारी वापरावी, दोन मात्रांत चार ते सहा तास जाऊं द्यावेत, आणि दिवसांत चार वेळांपेक्षां अधिक देऊं नये. तीन महिन्यांखालील मुलास ज्वर आला, तर घरीं औषध देत न बसतां डॉक्टरांकडेच न्यावें.

हें सारें बाटलीवर लिहिलेलें असतें, पण बहुधा इंग्रजींत आणि मुंगीच्या अक्षरांत. बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीला निघालेलीं कुटुंबें कारखान्याच्या तळावर कोप्या घालून राहतात. आई पहाटेंच फडांत जाते, मूलही बरोबर असतें. गिरणीची बाई आणि ही बाई यांच्यामध्यें शंभर वर्षें गेलीं. कामाची वेळ मात्र अजून मुलाची नाहीं.

अक्षरओळख नसलेल्या हातीं माप देतां येतें, हें गडचिरोलींत सिद्ध झालें आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं १९८८ च्या सुमारास तेथील गांवांत न्यूमोनियाचें औषध आरोग्यसेवक आणि सुइणी यांच्या हातीं दिलें. ज्यांना शंभरापर्यंत मोजतां येत नसे, त्यांच्यासाठीं एक साधन केलें: एका मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांची ओळ. दहा श्वास झाले कीं एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वीं तांबडा मणी सरकला, तर मुलाला न्यूमोनिया आहे आणि औषध द्यावयाचें. नाहीं तर द्यावयाचें नाहीं. १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या आंकड्यांप्रमाणें त्या गांवांतील न्यूमोनियाचे बालमृत्यु शेजारच्या गांवांच्या निम्म्याहूनही कमी होते.