हाताचे शिक्षण आणि मेंदूची बाग

पन्नाशी उलटली की आपल्यापैकी पुष्कळजण म्हणतात, "आता या वयात पेटी कसली शिकायची? बोटे वळायची नाहीत." यात बोटांना उगाच दोष दिला जातो; खरा प्रश्न मेंदूचा आहे. प्रौढ माणसाच्या मेंदूची घडण कायमची ठरून गेलेली असते काय? या प्रश्नाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

१८७३ साली इटलीच्या कामिल्लो गॉल्जी यांनी चांदीच्या क्षाराने मज्जापेशी काळ्या रंगविण्याची रीत शोधली. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी तिच्या फांद्यांसकट उठून दिसू लागली. स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काहाल यांनी ती रीत सुधारली आणि १८९४ साली मेंदूला बागेची उपमा दिली : चांगली मशागत केली तर या झाडांना नव्या फांद्या फुटतील. पण हे केवळ अनुमान होते. पुढे इजा झालेल्या मज्जातंतूंविषयी लिहिताना खुद्द काहाल यांनीच प्रौढ मेंदूतील वाटा ठरलेल्या असतात असे म्हटले. आणि दीर्घकाळ लोकांच्या मनावर ठसा राहिला तो या निराशेचाच.

पुरावा मिळाला तो उंदरांकडून. १९८५ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात विल्यम ग्रीनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना एका पंजाने खाऊ ओढायला शिकविले. डाव्या पंजाचा कारभार मेंदूच्या उजव्या भागाकडे आणि उजव्याचा डाव्याकडे असतो. शिकलेल्या पंजाचा कारभार पाहणाऱ्या भागातच पेशींच्या फांद्या अधिक वाढलेल्या आढळल्या.

कोणी म्हणेल, हा शिकण्याचा परिणाम कशावरून? नुसत्या हालचालीचाही असेल! याचे उत्तर त्याच गटाने १९९० साली दिले. काही प्रौढ उंदरांना डोंबाऱ्यासारख्या तोल सांभाळण्याच्या कसरती शिकविल्या. काहींना फिरत्या पट्ट्यावर किंवा चाकात नुसते पळविले. पळणाऱ्यांच्या लहान मेंदूत केशवाहिन्या दाट झाल्या, रक्तपुरवठ्याची सोय वाढली. पण पेशीपेशींमधील सांधे वाढले ते कसरती शिकणाऱ्यांच्याच मेंदूत. श्रम आणि शिक्षण यांची फळे अशी निराळी निघाली.

२००९ साली तर कॅलिफोर्नियातील संशोधकांना जिवंत उंदराच्या मेंदूत, शिकू लागल्यापासून तासाभरात, पेशींच्या फांद्यांवर नवे सूक्ष्म काटे फुटलेले दिसले. सराव चालू ठेवला तेव्हा त्यांतले पुष्कळ टिकले.

माणसाच्या मेंदूचे असे काप घेऊन पाहता येत नाहीत, म्हणून उंदरांवरून आपल्याविषयी बोलताना सावधपणा हवाच. तरी या इतिहासातून आपण एवढे घेऊन जाऊ : रोजचे फिरणे उत्तम, ते सोडू नये, पण त्याने शिकण्याची उणीव भरून निघत नाही. बोटे अडखळतात म्हणून पेटी बंद करू नये. ते अडखळणे हीच बागेची मशागत आहे.