जीवरसायनशास्त्राचे खेळांतून अध्यापन

पदवीच्या विद्यार्थ्यांना चयापचयाचे मार्ग, विकरांचे कार्य आणि प्रथिनांची रचना पत्ते, पट वा संगणकीय खेळ वापरून शिकविण्याची पद्धत. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला जीवरसायनशास्त्र हा विषय सक्तीचा असून घोकंपट्टीसाठी तो बदनाम आहे.

ग्लायकोलिसिसचा पत्त्यांचा डाव हे सोपे उदाहरण. या मार्गात १० पायऱ्या व १० विकरे आहेत. खेळाडूने आधी एटीपीच्या दोन चकत्या खर्चायच्या : एक हेक्झोकायनेजला, दुसरी फॉस्फोफ्रुक्टोकायनेजला. अल्डोलेजचा पत्ता पडला की सहा कार्बनांचा रेणू दुभंगतो आणि पुढची प्रत्येक कमाई दुप्पट होते. शेवटी चार चकत्या मिळतात, निव्वळ नफा दोन. प्रतिस्पर्ध्याने मध्येच फ्लोराइडचा पत्ता टाकला तर एनोलेज अडते. रक्तशर्करेच्या तपासणीची करड्या बुचाची नळी याच तत्त्वावर चालते. प्रत्यक्षात त्या नळीतली साखर पहिला तास-दोन तास घटतच राहते. पत्त्यांत मात्र मार्ग तत्काळ बंद होतो, हे शिक्षकाने सांगायलाच हवे.

सापशिडीचा पट यासाठी सर्रास सुचविला जातो, पण तो कच्चा पर्याय आहे. फाशावर पाच पडले म्हणून चार विकरे ओलांडून पुढे जाणे ग्लुकोजला जमत नाही. खेळाचे नियम रेणूच्या नियमांशी जुळत नसतील, तर पटावर उरतात ती फक्त पाठ करायची नावे.

देवळाली कॅम्पसारख्या छावणीच्या गावात हौजी कोणाला शिकवावी लागत नाही. तिकिटावर आकड्यांऐवजी २० पैकी आठ-दहा अॅमिनो आम्ले छापता येतात. पुकारणारा नाव न घेता खूण सांगतो : 'आरशातले रूप वेगळे नसलेले' म्हणजे ग्लायसिन, 'एयूजी' म्हणजे मेथिओनिन. 'यूएए' हा थांब-संकेत. तो ऐकून कोणी काही खोडले तर तिकीट बाद.

संगणकीय खेळांत फोल्डिट (२००८, वॉशिंग्टन विद्यापीठ) सर्वांत प्रसिद्ध. माकडांतील एका विषाणूच्या प्रोटीएजची रचना संशोधकांना अनेक वर्षे उलगडत नव्हती. खेळाडूंनी तिचे उपयुक्त प्रारूप तीन आठवड्यांच्या आत दिले (२०११). त्यांच्यापैकी बहुतेकांना या विषयाचे शिक्षण नव्हते. म्हणूनच वर्गात तो लावताना हायड्रोजन बंध, जलविरोधी गाभा या संज्ञा मधूनमधून खेळ थांबवून समजावाव्या लागतात.