पाण्यातला जळणारा वायू

मी वरोरहून बोलतेय. बातम्यांत सारखं ऐकू येतं, ‘हरित हायड्रोजन’, पाण्यापासून इंधन. आपल्या दारात एवढा दर्या, मग जळणाची चिंता कशाला, असं वाटणारच. म्हणून आज त्याचा इतिहास सांगते.

१७६६ साली लंडनमध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांनी आम्लात धातू टाकला, तेव्हा निघालेला वायू भडकन पेटला. पुढे पॅरिसला लव्हॉझिए यांनी लालबुंद तापलेल्या लोखंडी नळीतून वाफ सोडली. वाफेतला ऑक्सिजन लोखंडाने धरला, हायड्रोजन सुटा झाला. हायड्रोजन म्हणजे ‘पाणी घडवणारा’.

दुसरी रीत विजेची. १८०० साली व्होल्टाची बॅटरी नवीनच होती. निकोल्सन आणि कार्लाइल यांनी तिच्या तारा पाण्यात बुडवल्या. एका तारेपाशी हायड्रोजन निघाला, दुसरीपाशी ऑक्सिजन.

आपल्या देशात १९६० च्या दशकात पंजाबातल्या नांगलला भाक्रा धरणाच्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढून खत बनवत. पण तेल आणि नैसर्गिक वायूपासून तो काढणं स्वस्त पडतं. आजही जगातला बहुतेक हायड्रोजन तसाच येतो.

मग पाणी हे इंधन आहे का? नाही. हायड्रोजन जळून उरतं ते पाणी, जशी चुलीतली राख. त्यातून एक किलो हायड्रोजन काढायला किमान ९ लिटर शुद्ध पाणी आणि सुमारे ५० युनिट वीज लागते. परत मिळते ती साधारण ३३ युनिटांची ऊर्जा. वीज कोळशाची असेल तर धूर होतोच. ऊन-वाऱ्यासारखी असेल तरच तो हरित.

२०२३ मध्ये केंद्राने हरित हायड्रोजनचं अभियान आणलं. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं उद्दिष्ट तेव्हा ठेवलं होतं. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही धोरण केलं. पण दर्याचं खारं पाणी तसंच वापरलं तर विषारी क्लोरीन निघतो. आधी मीठ काढावं लागतं, नाहीतर गोडं पाणी आणावं लागतं. आपल्या सूर्या धरणाचं पाणी आधीच वसई-विरारपर्यंत जातं.

तेव्हा उद्या असा प्रकल्प आला, तर ग्रामसभेत दोन प्रश्न विचारा: वीज कुठली? पाणी कुठलं? आणि कोणी ‘नुसत्या पाण्यावर चालणारी शेगडी’ विकायला आला, तर गटाची पेटी उघडण्याआधी विचारा, “दादा, हिची वायर कुठे जाते?”